वायर नसलेला हेडफोन आणि शकुआत्याची मान

हेडफोन कानाला लावून मी वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वत्सलाबाई एकदम गप्प झाल्या. पाऊल आत घेतलं, त्या बोलायला लागल्या. बाहेर, गप्प. आत, चालू. खरं म्हणजे बाई एकदाही थांबल्या नव्हत्या. तोंडासमोर पुठ्ठा धरून त्या आपल्या शांतपणे "आंबा, चिमणी, पाटी, रेल्वे" असे शब्द म्हणत होत्या. माझ्याच कानात त्या येत-जात होत्या.

सहाव्या की सातव्या खेपेला दादा ओरडले, "मैने, पुरे! दारात काय झोका बांधलाय का तुझा?"

वर्गातली नऊच्या नऊ मुलं हसली. दादांचं ओरडणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, माझं तोंड बघूनच ती हसत होती.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्या कॉलनीत त्यांना सहादू माईकवाले म्हणतात. लग्न असो, जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो, दादांचे कर्णे तिथे आधी पोचतात. गंगापूर रोडच्या एका गल्लीत ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे. तिथला ॲम्प्लिफायर बिघडला म्हणून त्यांना बोलावलं होतं. नववीची परीक्षा संपून मी मोकळीच होते, तेव्हा पक्कड, कथिल आणि सोल्डरिंग आयर्नची पिशवी घेऊन मागे गेले. १९८५ च्या एप्रिलातली गोष्ट. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं.

आणि तिथे काय पाहिलं? नऊ मुलं, नऊ हेडफोन, आणि एकालाही वायर नाही!

"दादा, यांच्या वायरी कुठे गेल्या? उंदरांनी खाल्ल्या का?"

वत्सलाबाई त्या शाळेतल्या शिक्षिका. त्या हसल्या आणि एक जास्तीचा हेडफोन त्यांनी सरळ माझ्या डोक्यावर चढवला. मग त्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या, पुठ्ठा तोंडासमोर धरला (म्हणजे मुलं ओठांवरून ओळखत नाहीत, कानांनीच ऐकतात), आणि माझ्या कानात, अगदी कानाच्या आत, कोणीतरी विचारलं, "तुझं नाव काय गं?"

मी दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मग दादांनी ती भिंतच मला दाखवली. खाली फरशीलगत, चारी भिंतींना धरून, एक वायर खोलीभर फिरली होती. चार वेढे. तिची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरला. माईकमध्ये बोललेलं ॲम्प्लिफायरमधून त्या वायरीत जातं, आणि हेडफोनमध्ये एक छोटी कॉईल असते ती ते हवेतून पकडते. वेढ्याच्या आत जो असेल त्याला ऐकू येणार. बाहेर गेलात की संपलं.

मी म्हणाले, "म्हणजे ट्रान्सफॉर्मर! दोन कॉईल, एकमेकींना न चिकटता. एक खोलीएवढी आणि दुसरी सुपारीएवढी!"

"बरोब्बर," वत्सलाबाई म्हणाल्या.

आता ही नववी सुरू होईपर्यंत मी वर्गात हात वर करणाऱ्यांतली नव्हते. उत्तर येत असलं तरी वहीच्या कोपऱ्यात लिहायचे आणि खोडायचे. यंदा विज्ञानाच्या बाईंनी मला दोनदा फळ्याशी उभं केलं तेव्हा कळलं, की आपलं बरोबर येतं. आणि एकदा ते कळलं की कुठे थांबवतंय माणूस स्वतःला! आईला माझ्या तोंडाचा ताप होतो हल्ली. पण त्या "बरोब्बर"ने माझं जे व्हायचं ते झालंच. सायकलच्या मागच्या सीटवर बसून घरी येताना मी दादांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते.

"दादा, आपण असलं करायचं. आत्याला!"

"आधी नीट बस. दोघंही पडू."

"दादा, रविवारच्या आत करायचं."

दादा सायकल जरा जोरात मारायला लागले, ते मला पाठीवरून कळलं.

तर, शकुआत्या. दादांची थोरली बहीण. मूळची सटाण्याकडची, पण पंचवीस वर्षं झाली, नाशकात आमच्याजवळच राहते. बारा वर्षं तिने सातपूरला पत्र्याचे डबे करण्याच्या एका कारखान्यात काम केलं. तिच्या शेजारचं मशीन दर तीन सेकंदांनी पत्र्यावर आपटायचं. आत्या म्हणते, पहिल्या वर्षी ते मशीन घरी आल्यावरही कानात वाजायचं, आणि पुढे पुढे कारखान्यातही वाजेनासं झालं. सहा वर्षांपूर्वी तिने काम सोडलं तेव्हा तिच्याशी बोलायचं म्हणजे कानाला तोंड लावून ओरडावं लागत होतं.

आणि आत्या गाणारी! बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं पहिलं गीत तिचंच, माझ्या जन्माच्या आधीपासून. गीतंही तिची तीच बांधते. आवाज असा, की दादा तिच्यासमोरचा माईक हातभर लांब ठेवायचे. कान गेल्यावरसुद्धा चार-पाच वर्षं तिने निभावलं. विहारात पुंजाराम मास्तर पेटी वाजवायचे आणि आत्या वाकून, मान तिरकी करून, कान जवळजवळ पेटीला टेकवून सूर पकडायची. मग उभी राहून गायची. मध्येच सूर निसटला की पुन्हा वाकायची.

गेल्या वर्षी तो वाकूनही सापडला नाही. पेटी एकीकडे आणि आत्या दुसरीकडे. पुढच्या सतरंजीवरची पोरं हसायला लागली. आत्याला वाटलं, गाणं आवडलं म्हणून हसतायत. तीही त्यांच्याकडे बघून हसली, आणि आणखी जोरात गायली.

दुसऱ्या दिवशी नळावर कोणीतरी तिला ते सांगितलं. हे मात्र बरोबर ऐकू आलं तिला. त्या दिवसापासून आत्या गायची बंद झाली. भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची नाही. आमच्या घरात राखेचा आणि घासण्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला वर्षभरात पहिल्यांदा कळलं.

आता पुन्हा पौर्णिमा जवळ आली होती. पुंजाराम मास्तर घरी येऊन गेले. पोस्टातून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, खिशात कायम पेटीच्या सुराची एक जादा पट्टी. माणूस वाईट नाही, पण सुराच्या बाबतीत त्यांना नातंगोतं कळत नाही. ते म्हणाले, "रविवारी सकाळी दहाला तालीम आहे. शकुबाईंचा सूर लागला तर पहिलं गीत त्यांचंच. नाही लागला तर मनमाडच्या लताबाई गातील. त्यांना मी पत्र टाकलंय."

आत्याने मला विचारलं, "काय म्हणलं गं मास्तर?"

मी कानाशी जाऊन सगळं ओरडले. आत्याने तांदळातला खडा काढला, बाजूला ठेवला. "मंग त्या लताबाईलाच गाऊ दे. मी नाय जायची."

म्हणून माझी घाई होती. रविवारच्या आत.

तुम्ही म्हणाल, साधा वायरवाला हेडफोन लावायचा की सरळ. तो लावून झाला होता! दादांनी हिवाळ्यातच एक प्रयोग केला होता. पण आत्या काही खुर्चीत बसून गाणारी नव्हे. ती उभी राहते, टाळ्या देते, कडव्याला चालत बायकांच्या पुढ्यात जाते. गायला तोंड उघडायच्या आधी, तिसऱ्याच पावलाला वायर ताणली, टेबलावरून ॲम्प्लिफायर खाली आणि आत्याची मान मागे. तिने तो हेडफोन काढून दादांच्या हातात ठेवला. "खुंट्याला बांधलेली म्हैस दिसते रे मी, सहादू. नको मला."

तो वायर तुटलेला हेडफोन खुंटीवर धूळ खात पडला होता. मी तोच घेतला. दादांच्या खोक्यातल्या एका जुन्या रिलेची, म्हणजे चुंबकाने चालणाऱ्या स्विचची, कॉईल काढली. आमचा छोटा ट्रान्झिस्टर कपाटावरून पडून स्टेशन पकडेनासा झाला होता, पण त्याचं पोट, म्हणजे आवाज मोठा करणारा भाग, शाबूत होतं. कॉईलने पकडलेलं त्या पोटात द्यायचं, तिथून हेडफोनला. डबी कमरेला खोचायची, बारीक वायर पाठीवरून पदराखाली. कॉईल मी हेडफोनच्या पट्टीवर मधोमध उभी बसवली आणि काळी टेप गुंडाळली. आरशात बघितलं तर डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा.

"उभी का?" दादांनी विचारलं.

"वत्सलाबाईंच्या हेडफोनमध्ये उभी होती."

"उभी काय, आडवी काय. घट्ट बसली म्हणजे झालं."

उभी का, ते मी बाईंना विचारलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा. मला पुढे ते फार महागात पडता पडता राहिलं.

पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं हंऽऽऽ. तो ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज होता; ट्यूब बंद केली की भुंगा बंद. तिसऱ्या दिवशी दादांनी वायरीच्या वेढ्याला एक रेझिस्टन्स जोडायला लावला, नाहीतर ॲम्प्लिफायरच जळाला असता, आणि शनिवारी सकाळी मला माझ्या कानात आमच्या दारातली चिमणी ऐकू आली. चिमणी दारात, माईक दारात, आणि मी आत न्हाणीच्या कोपऱ्यात! मी तिथेच नाचले. बादली लवंडली.

आत्याला आम्ही खोलीच्या मधोमध पाटावर बसवलं. वायर कॉटच्या खालून, पिठाच्या डब्याच्या मागून, चारी बाजूंनी फिरवलेली. आत्या कंटाळून म्हणाली, "लवकर उरका बाई, तांदूळ निवडायचं हाय." मी तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, वरून पदर घेतला, डबीचा आवाज पूर्ण वाढवला, आणि माईक हातात घेतला.

आता आमच्या घरात माईक हातात घेतल्यावर दुसरं काही तोंडातून येतच नाही. मी ओरडले, "हॅलो! हॅलो! माईक टेस्टिंग! वन, टू, थ्री!"

आत्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"वरडती काय एवढी? बहिरी हाय का मी?"

मग दादा जे हसत सुटले, ते कॉटवर जाऊन बसले. आईने हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग डोळ्यांना. आत्याला काय झालं ते आधी कळेना. कळलं तेव्हा तिने दोन्ही हात कानांवरच्या त्या टोपणांवर ठेवले आणि बारीक आवाजात मला म्हणाली, "मैने, हळू बोल बरं. एकदम हळू."

मी माईक ओठांना लावून कुजबुजले, "आत्या, तुझे तांदूळ आईने निवडले."

"खडं राह्यलं असतील," आत्या म्हणाली. "तिला दिसत नाय."

मग तिने मला तो माईक घरभर फिरवायला लावला. स्टोजवळ धर. माठाजवळ धर, पाणी काढ. आईच्या बांगड्यांजवळ धर. स्टोला बघून म्हणाली, "आगं, हा असाच फरफरायचा. आठवलं मला." आणि मग ती उठली आणि फळीवरच्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडून वाकली.

"गेला," ती तशीच वाकून म्हणाली. "आवाज गेला."

ती सरळ झाली. "आला."

"लूज कॉन्टॅक्ट," दादा म्हणाले. मी दुपारभर बसून एकूण एक जोड पुन्हा सोल्डर केला, नवे सेल घातले, टेप नव्याने गुंडाळली. हेडफोन हातात धरून गदागदा हलवला, आपटायचाच काय तो बाकी ठेवला. आवाज जाईना. झालं, म्हटलं, दुरुस्त.

त्या दिवशी संध्याकाळी भांडी घासताना आत्या गुणगुणली नाही. पण राख घेता घेता तिने मला विचारलं, "तालीम किती वाजता म्हणलं मास्तर?"

"दहाला!"

"वरडू नको," ती म्हणाली. तेव्हा कानांवर हेडफोन नव्हता हं. सवयीने म्हणाली.

रविवारी आठलाच मी आणि दादा विहारात. सतरंज्यांच्या खालून भिंतींना धरून चार वेढे, ट्यूब बंद, खिडक्या उघड्या. एकच माईक, तो पेटीसमोर. त्यात येईल ते फक्त वायरीत, बाहेर कर्णा नाही. मास्तर आले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"सहादू, तालीम आहे की दरोडा? एवढी वायर कशाला?"

"पोरीचा प्रयोग आहे, मास्तर."

"प्रयोग शाळेत करायचे," मास्तर म्हणाले. "इथे सूर लागतो."

लताबाई मनमाडहून सकाळच्या पॅसेंजरने आल्या होत्या. मी मनात त्यांना फार वाईट रंगवलं होतं, पण त्या निघाल्या गोलमटोल, हसऱ्या. हातातली पिशवी ठेवून त्यांनी आधी सगळ्यांना जयभीम केला आणि पाणी मागितलं. कॉलनीतल्या दहा-बारा बायका भिंतीला टेकून बसल्या. आत्या आली. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, पदराखाली थोडासा उंचवटा. ती कोणाकडे बघत नव्हती.

मास्तरांनी भाता उघडला आणि सूर धरला. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या भुवया वर गेल्या. सूर पोचला! तिने डोळे मिटले आणि सुरू केलं,

"उजेड मागू नका दारी, वात तुमच्या घरी हाय गं..."

वर्षभरात पहिल्यांदा तो आवाज. पेटी आणि आत्या अगदी बरोबर चालत होत्या, हातात हात घालून. मास्तरांनी मान डोलावली; त्यांनी मान डोलावणं म्हणजे काय, ते आमच्या कॉलनीला विचारा. पहिली ओळ झाली, दुसरी झाली.

आणि तिसऱ्या ओळीला आत्या सवयीने पेटीकडे वाकली.

चार-पाच वर्षांची सवय. मान तिरकी, कान खाली. आणि मला दिसलं, तिच्या भुवया आक्रसल्या. ती आणखी वाकली. सूर हलला. ती आणखी खाली गेली, पदर पेटीवर आला, आणि गाणं पेटीच्या एका बाजूने घसरत घसरत पार निघून गेलं. श्वास घ्यायला ती सरळ झाली. एक शब्द बरोबर लागला. पुन्हा वाकली, पुन्हा गेला.

मास्तरांनी भाता बंद केला.

"शकुबाई," ते हळूच म्हणाले, आणि मग तिला ऐकू येत नाही हे आठवून मोठ्याने म्हणाले, "राहू द्या! तुमचा मान आहेच. पण राहू द्या आता."

आत्याचे हात पदराखाली गेले. हेडफोन काढायला.

माझ्या डोक्यात तेव्हा काय काय एकदम आलं म्हणून सांगू! वाकली की गेला, सरळ झाली की आला. काल बुद्धमूर्तीपुढे वाकली, तेव्हाही. लूज कॉन्टॅक्ट नव्हताच तो! मी हलवून हलवून बघितलं होतं, पण दर वेळी कॉईल उभीच धरली होती. वत्सलाबाईंच्या हेडफोनमधली कॉईल उगाच उभी नव्हती. जमिनीवरचा वेढा आणि डोक्यावरची कॉईल, दोघींची तोंडं एका दिशेला हवीत, ट्रान्सफॉर्मरमध्ये असतात तशी. आत्याची मान आडवी झाली की कॉईल आडवी, आणि कॉईल आडवी की आवाज नाही. आवाज शोधायला ती जितकी खाली जात होती, तितका आवाज तिला सोडत होता.

"मास्तर, थांबा!"

हे मीच म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता काय?" मास्तर म्हणाले.

"चूक आत्याची नाही. माझी आहे. म्हणजे, माझीही नाही, मानेची आहे!"

"मानेची?"

मी तोंडाने समजावत बसले नाही. आत्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातला, डबीचा आवाज बेताचा केला आणि म्हणाले, "मास्तर, एक सूर नुसता धरून ठेवा. माझ्याकडे बघू नका, बायका बघतील. ऐकू आलं की मी हात वर करणार." त्यांनी सूर धरला. मी मान वाकवली, सरळ केली, हात खालीवर केला; पण बायकांना काही कळेना, कारण पेटी त्यांना सगळा वेळ ऐकूच येत होती. तेव्हा लताबाईच उठल्या. "आण बाई इकडे. मला घाल." त्यांनी हेडफोन घातला, दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबला. मान सरळ. "आईगं, केवढा आवाज!" मान हळूहळू खाली. "कमी झाला. कमी... गेला. मागून नुसती बाहेरची पेटी येतेय." मान वर. "आला! आला की!" मग त्या रवंथ करणाऱ्या गाईसारख्या मान खालीवर करत राहिल्या आणि सगळा विहार हसायला लागला.

आत्या मात्र हसत नव्हती. ती त्यांच्या मानेकडे बघत होती. तिला सांगायला मला ओरडावं लागलंच नाही.

तिने हेडफोन परत घेतला आणि घातला. "पण माझी मान आपोआप जाती, मैने," ती म्हणाली. "पेटी दिसली की जाती."

आता? मी दादांकडे पाहिलं, दादांनी छताकडे. आणि आत्याच मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुम्ही माझ्या पाठीमागं बसा."

"काय?"

"पेटी दिसलीच नाय तर मान जाईल कुठं?"

मास्तरांची टोपीच सरकली. "चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. गाणाऱ्याच्या पाठीमागे मी कधी बसलेलो नाही!"

"बसा की हो मास्तर," लताबाई म्हणाल्या. "पेटी वाजवायला तोंड कुठं दाखवावं लागतं? आणि मी एवढी मनमाडहून आले, मला ऐकू द्या की."

मास्तर पुटपुटत उठले. दादांनी पेटी उचलली, मी माईक. आत्या बायकांकडे तोंड करून उभी राहिली, मास्तर तिच्या मागे पाच पावलांवर भिंतीशी. तिला आता पेटी दिसत नव्हती, बोटं दिसत नव्हती, भाता दिसत नव्हता. समोर उघडं दार आणि दारातून बाहेरचं मैदान. मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि स्वतःची हनुवटी वर करून दाखवली.

मास्तरांनी सूर धरला. आत्याने सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीला तिची मान जरा हलली, पदर पुढे आला. मी हनुवटी एवढी वर केली की मला छतच दिसायला लागलं. खाली बघितलं तेव्हा आत्याची मान ताठ होती आणि गाणं बरोबर होतं.

मग मास्तरांनी काय केलं, ठाऊक आहे? मी दारातून बघत होते म्हणून मला दिसलं. कडवं संपताना, न सांगता, न खाकरता, त्यांनी गाण्याची पट्टी बदलली. एकदम वरची. पाठीमागे बसून! मला ओरडावंसं वाटलं, की मास्तर, ही लबाडी आहे.

आत्या अर्धा श्वास थांबली. फक्त अर्धा. मग धृपद उचललं, ते वरच्या पट्टीत, सरळ त्या सुरावर, चिमणीने तारेवर येऊन बसावं तसं. आणि टाळी देत ती चालायला लागली, बायकांच्या पुढ्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिच्या मागे कसलीही वायर ओढली जात नव्हती. लताबाईंनी मागची ओळ धरली. मग सगळ्या बायकांनी.

गाणं संपलं तेव्हा मास्तर काही वेळ पेटीवरून रुमाल फिरवत बसले. मग ते पुढे झुकले आणि पेटीसमोरच्या माईकमध्ये, पोस्टाच्या खिडकीतून बोलायचे तेवढ्याच आवाजात म्हणाले, "शकुबाई, पट्टी मी मुद्दाम बदलली होती."

आत्याची पाठ त्यांच्याकडे होती. ती वळली नाही.

"कळलं मला," ती म्हणाली. "लय जुनी खोड हाय तुमची."

"पहिलं गीत तुमचं."

"तेबी ऐकलं."

दादा वायर गुंडाळायला खाली बसले, आणि बसलेलेच राहिले. त्यांना एकाएकी सतरंजीची घडी फार नीट घालावीशी वाटली. लताबाईंनी मला जवळ ओढून विचारलं, "आमच्या मनमाडला रेल्वेत होते ना माझे सासरे, त्यांचेही कान गेलेत. त्यांना करून देशील का गं असलं एक?" मी म्हणाले, देईन. मी काहीही करून देईन असं वाटत होतं मला तेव्हा. मास्तरांनी आजूबाजूला कोणी बघत नाही असं बघून आत्याकडे हात पुढे केला. "जरा बघू." त्यांनी टोपी काढून हेडफोन घातला आणि स्वतःच्याच पेटीचा एक सूर वाजवून कितीतरी वेळ मान ताठ धरून बसले.

आत्या दारात माझ्याजवळ आली होती. पौर्णिमेचा कार्यक्रम विहारात नसतो, बाहेरच्या मैदानात असतो; तिच्या ध्यानात ते आलं होतं, माझ्या नव्हतं. ती मैदानाकडे बघत होती. उन्हात चपला न घालताच ती पायऱ्या उतरली आणि चालत निघाली, पदर डोक्यावर, मान तशीच वर. मी मागे धावले. स्टेजच्या जागेपासून ती पावलं टाकत गेली, आणि मी तिच्या मागे ती मोजत गेले. वीस. तीस. चाळीस. पार कडेच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेल्यावर ती थांबली.

"एवढी वायर हाय का तुझ्या बापाकडं?"

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल, आणि न ओरडता म्हणाले, "आहे."

"मग या लिंबाच्या पल्याडून घे," आत्या म्हणाली. "बायका इथपर्यंत बसत्यात. मला त्यांच्यापर्यंत यायचंय."